दोतोरबाय वरच राहतात, बेल मारा

पत्र:

"ताई, मी डिचोलीत राहते, वय ३६, डेंटिस्ट आहे. क्लिनिक सासऱ्यांनी १९८६ ला सुरू केलेलं, खाली क्लिनिक आणि वर घर. नवरा पण डेंटिस्ट, त्याने ऑर्थो (दातांना तारा लावायचं शिक्षण) केलंय म्हणून आठवड्यातले चार दिवस म्हापसा, पणजी, मडगाव असा दुसऱ्यांच्या क्लिनिकात कन्सल्टंट म्हणून जातो आणि रात्री नऊला घरी येतो. आमचं क्लिनिक मीच बघते, सकाळी साडेनऊ ते एक आणि संध्याकाळी चार ते आठ, पण ते फक्त बोर्डावर. दुपारी दोनला, रात्री साडेनऊला, रविवारी सकाळी, कधीही बेल वाजते, कारण बाबा, म्हणजे सासरे, बाजारात सगळ्यांना सांगतात की दोतोरबाय वरच राहतात, बेल मारा. मुलगी ७ वर्षांची आहे, मुलगा अडीच वर्षांचा. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्याच्या मागे धावणं त्यांना जमत नाही. मागच्या महिन्यात शाळेत दातांची तपासणी झाली आणि मुलीच्या बॅगेतून कार्ड आलं, खालच्या दोन दाढा किडलेल्या, डेंटिस्टला दाखवावे. ते कार्ड मी तीन दिवस कुणालाच दाखवलं नाही. क्लिनिक बंद करून पणजीत डेंटल क्लिनिकांच्या मोठ्या चेनमध्ये नोकरी धरावी असं वाटतं, मग वाटतं बाबांनी एवढी वर्षं उभं केलेलं मी बंद करणार का. आई म्हणून कमी पडतेय की डॉक्टर म्हणून तेच कळत नाही. दुपारी कधी कधी बाथरूममध्ये नळ सोडून रडते."

बाय, तुला तू म्हणते, माझ्या सुनेच्या वयाची आहेस. मीही दातांचीच डॉक्टर, फोंड्याला ३१ वर्षं क्लिनिक चालवलं आणि दोन मुलं वाढवली, त्यामुळे तुझं पत्र वाचताना मला तो लवंगेच्या तेलाचा वास आला अगदी, आणि ती बेलही ऐकू आली.

आधी त्या कार्डाचं बोलूया, कारण तू त्याच्यावर दोनच ओळी लिहिल्यास पण सगळं पत्र तिथेच अडकलंय असं मला वाटतं. दुधाच्या दोन दाढा एकमेकींना रुंद चिकटून असतात, मध्ये बिस्किटाचा लगदा बसतो, ब्रश तिथे पोचतच नाही, दुधाच्या दातांचं इनॅमल पातळ म्हणून कीड आत भराभर जाते, आणि वरून बघितलं तर दाढ अख्खी दिसते, कड मोडून खड्डा पडेपर्यंत कळतच नाही, एक्स-रे काढला तरच आधी दिसतं. हे सगळं तुला पाठ आहे. तुझ्या खुर्चीसमोर दुसरी कोणी आई असं कार्ड घेऊन आली असती तर तू तिला काय म्हणाली असतीस? घाबरू नका, लवकर आणलंत, आपण बघूया, असंच म्हणाली असतीस ना, मग तेवढाच चांगुलपणा स्वतःला दाखव. मूल सातआठ वर्षांचं होईपर्यंत त्याच्या हाताला नीट ब्रश जमत नाही, मोठ्या माणसाने रात्री एकदा परत फिरवावा लागतो, आणि रात्री साडेनऊला तुझ्या घरी काय चाललेलं असतं ते तूच लिहिलंयस. म्हणजे त्या दाढा तुझ्या अज्ञानामुळे किडल्या नाहीत की तुझ्या आळसामुळे किडल्या नाहीत, रात्रीची ती दहा मिनिटं दर वेळी कुणीतरी बेल मारून घेऊन गेलं. मला तर ते कार्ड तुझ्या घराच्या टाइमटेबलचा रिपोर्ट वाटतो.

आता उपचार. तू स्वतः करू नकोस. करता येत नाही म्हणून नव्हे, हात तुझा कितीतरी चांगला असेल, पण सात वर्षांच्या मुलीला सुई टोचणारी आणि मग रात्री कुशीत घेणारी बाई एकच असू नये, आणि तुझाही हात त्या दिवशी हलका राहणार नाही. बांबोळीला आपल्या डेंटल कॉलेजात लहान मुलांचा वेगळा विभाग आहे, नाहीतर तुझी ओळखीची कोणी पेडो, म्हणजे लहान मुलांची डेंटिस्ट, असेल तिच्याकडे जा. एक्स-रे काढा, कीड दाताच्या आतल्या नसेला लागली असेल तर पल्पोटॉमी (नसेचा वरचा भाग काढणं) करून स्टीलची कॅप, लागली नसेल तर नुसतं भरून भागेल. त्या दाढा दहाबारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या आहेत, "दुधाच्याच तर आहेत" असं घरात कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. आणि मागे सहाव्या वर्षाची पक्की दाढ आली असेल ती पण बघून घे, तिच्या जागी आधी दुधाचा दात नसतो, पडतही नाही, म्हणून अर्ध्या गोव्याला ती दुधाचीच वाटते, तिच्यावर सीलंट, म्हणजे कीड लागू नये म्हणूनचा लेप, लावून घे. धाकट्याला रात्री दुधाची बाटली घेऊन झोपायची सवय असेल तर ती ह्याच महिन्यात सोडव, तीन रात्री रडेल, चौथ्या रात्री झोपेल.

बाबांबद्दल तू थोड्या रागाने लिहिलंयस आणि राग येणारच, पण एक गोष्ट लक्षात घे. गोवा डेंटल कॉलेज सुरू झालं १९८० ला, पाच वर्षांचा कोर्स, म्हणजे तुझ्या सासऱ्यांनी १९८६ ला क्लिनिक टाकलं तेव्हा इथे शिकलेली पहिली मुलं नुकती कुठे बाहेर पडत होती. गावागावांत दाताचा डॉक्टर नव्हताच. मयें, साखळी, पार सत्तरी तालुक्यातल्या वाड्यांवरून माणूस रात्रभर गालाला फडकं बांधून बसायचा आणि पहाटेच्या पहिल्या बसने यायचा, त्याला "चारला या" सांगणं म्हणजे क्रूरपणा होता. "कधीही या" हे तुझ्या सासऱ्यांचं त्या काळातलं मोठं पुण्यकर्म होतं गो, त्यावरच ते घर उभं राहिलं. पण त्यांच्या त्या "कधीही" च्या मागे तुझ्या सासूबाई उभ्या होत्या, मुलं त्यांनी बघितली, जेवण त्यांनी झाकून ठेवलं. तुझ्या मागे कोण आहे? सासूबाईंचा गुडघा गेला, नवरा मडगावला. आणि आज डिचोलीतच किती क्लिनिकं झालीत, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. गरज बदलली, घर बदललं, फक्त तो निरोप तसाच राहिला, बेल मारा.

बाबांना हे सांगायचं कसं, हा खरा कठीण भाग. भांडून नको आणि नवऱ्याच्या मार्फत निरोप पाठवून तर नकोच. एका दुपारी जेवणं झाल्यावर ते कार्ड त्यांच्या हातात दे. तू तीन दिवस लपवलंस ना, आता त्यांनाच पहिलं दाखव. म्हण, बाबा, आपल्या नातीच्या दोन दाढा किडल्या, शाळेतून कळलं, आता रात्री आठनंतर आणि दुपारी एक ते चार मला मुलांपाशी बसू दे, तेवढं तुम्ही बाजारात सांगा. लक्षात घे, "तुम्ही सांगा". त्यांचा शब्द गावात चालतो, तुझ्या बोर्डापेक्षा जास्त चालतो, ज्या तोंडाने कधीही या सांगितलं त्याच तोंडाने वेळ बघून या सांगितलं की लोक ऐकतात. आणि त्यांचा मान राहू दे, आठवड्यातल्या दोन सकाळी त्यांच्या जुन्या पेशंटांसाठी ठेव, कवळी घासून देणं, ढिला दात बघणं, गप्पा मारणं, त्यांना ते हवंय, आणि पेशंटांनाही ते हवंय.

इमर्जन्सीचं मात्र आधीच ठरवून, लिहून रिसेप्शनच्या काचेखाली ठेव, म्हणजे प्रत्येक बेलेला तुला विचार करावा लागणार नाही. मुलाचा पक्का दात पडून मुळासकट हातात आला असेल तर तू कुठल्याही वेळी खाली उतर, तिथे मिनिटं मोजायची असतात, दात मुळाला न धरता वरून धरून दुधात टाका आणि तासाच्या आत या असं फोनवरच सांग. दाढ काढल्यावर रक्त थांबत नसेल तर कापसाचा घट्ट बोळा अर्धा तास दाताखाली दाबून धरायला सांग, बहुतेक तिथेच थांबतं, नाही थांबलं तर बघ. जबड्याखाली सूज उतरलीय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळताना त्रास होतोय, असं असेल तर त्याला तुझ्या क्लिनिकात आणूच नका, १०८ लावा आणि सरळ बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवा, तिथे वेळ घालवला तर श्वासावर येतं. बाकी सगळं, कॅप निघाली, तार टोचतेय, ठणकतंय, हिरडी सुजलीय, ते सकाळपर्यंत थांबू शकतं, फोनवर गोळी सांगून. आणि फोनही वेगळा कर. क्लिनिकचा नंबर वेगळा, तो मोबाईल खाली ड्रॉवरमध्ये राहील, रात्री त्याच्यावर मेसेज येतील ते सकाळी बघायचे, खरीच अडचण असेल तर बाबांकडे घरचा नंबर आहेच.

मी हे इतक्या ठामपणे सांगते त्याला कारण आहे. माझा थोरला नऊ वर्षांचा होता, शाळेच्या मैदानावर पडला आणि पुढचा दात अर्धा तुटला. शाळेपासून क्लिनिक जवळच, पोरगा चालत आला. मी आत एका आजोबांची दाढ काढत होते, ती मुळाशी मोडली होती आणि मी घामाघूम. घरात माझा नियम होता, पेशंट खुर्चीवर असताना आत यायचं नाही. रिसेप्शनची मुलगी त्या दिवशी रजेवर होती. तो बाकावर दोन पेशंटांच्या मध्ये बसून राहिला, ओठ सुजलेला, मुठीत दाताचा तुकडा, आणि ते दोघे पेशंट आपापल्या दुखण्यात. मी दार उघडून "पुढचे कोण" म्हटलं तेव्हा तो उभा राहिला. किती वेळ बसला होता ते मी त्याला विचारलं नाही, मला उत्तर नको होतं. तो तुकडा मी तिथेच कॉम्पोझिटने परत जोडला, पुढे दोनदा निघाला, दोनदा बसवला, आता तो चौतीस वर्षांचा आहे. तो कधी ह्याबद्दल बोलत नाही. मी बोलते, कारण त्या दिवशी मला कळलं की माझ्या मुलाने माझे नियम माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलेत. तुझी मुलगी पण घेत असेल. बघ, ती तुला संध्याकाळी काही विचारायला खाली येते का? येत नसेल तर का येत नाही ते तिला मांडीवर घेऊन हळूच विचार.

तासांचं बोलू. आपण गोव्यात आहोत हे तुझं मोठं नशीब आहे. मुंबईच्या डेंटिस्टला दुपारी दुकान बंद करायची सोय नाही, इथे एक वाजला की अख्खा बाजार शटर ओढतो आणि शाळाही दुपारी सुटते, म्हणजे तुझं क्लिनिक आणि मुलीची शाळा एकाच सुमारास सुटतात. हे तीन तास सोन्याचे आहेत. पण मला माहीत आहे काय होत असेल, साडेबाराला कोणीतरी येतं, "दोतोरबाय, पांच मिनिटांचें काम", आणि तू रूट कॅनाल उघडून बसतेस, मग दोन वाजतात, मुलगी शीतकडी (भात-आमटी) जेवून टीव्हीसमोर. तर मोठी कामं, रूट कॅनाल, अक्कलदाढ, कॅपसाठी दात घासणं, सगळी सकाळी साडेनऊला लाव, तेव्हा तुझा हातही ताजा असतो. बारानंतर फक्त बघणं, टाके काढणं, माप घेणं. बारा वीसला शेवटचा पेशंट आत. त्यानंतर आलेल्याला हसून चारची वेळ द्यायची, आणि हे तुझ्याऐवजी रिसेप्शनच्या मुलीने सांगायचं, तुला स्वतःला नाही म्हणता येणार नाही, मला पण कधी आलं नाही.

लहान गावात अपॉइंटमेंट चालत नाही म्हणतात, निम्मं खरं आहे ते. सत्तरीतून बसने येणारा माणूस बस मिळेल तेव्हा येणार. म्हणून सगळा दिवस अपॉइंटमेंटने भरू नकोस, सकाळचे पहिले दोन तास वेळ दिलेल्यांचे, पुढचा वेळ येईल त्याचा. आणि संध्याकाळी चार ते आठऐवजी चार ते साडेसहा कर बघ. ओरड होईल, पंधरा दिवस होईल. ऑफिसवाल्यांसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी आठपर्यंत उघडं ठेव.

त्या दोन संध्याकाळी कोण बसणार? तुझा नवरा. इथे मी स्पष्ट बोलणार आहे आणि हे त्यालाही वाचायला दे. अरे बाबा, तू चार दिवस बाहेर जातोस, तार लावायचे पैसे चांगले मिळतात हे कबूल, पण एकदा कागद घेऊन बस. मडगावला जायचं यायचं पेट्रोल, तीन तास रस्त्यावर, आणि त्याच वेळी घरची तुझी स्वतःची खुर्ची रिकामी किंवा बायको एकटी दोन माणसांचं काम करतेय, हे सगळं धरून मडगावच्या दिवसाचे हातात किती उरतात? मला वाटतं एक लांबचा दिवस सोडलास तर फारसं बिघडणार नाही, उलट डिचोली, साखळीतली जी मुलं तारेसाठी म्हापशाला जातात ती तुझ्याच घरी येतील. दोन संध्याकाळी क्लिनिक तुझं, आणि आणखी दोन रात्री मुलांचं जेवण, ब्रश, झोप तुझं. ह्याला बायकोला मदत करणं म्हणू नकोस, मुलं तुझी आहेत आणि क्लिनिक तुझ्या बापाचं आहे, ती परक्या घरातून येऊन दोन्ही सांभाळतेय.

आणि तू, बाय, सगळं स्वतः करायचं सोड. आठला शेवटचा पेशंट गेल्यावर हत्यारं धुणं, पुसणं, पाकिटात भरणं, ऑटोक्लेव्ह लावणं हे कोण करतं? तू लिहिलं नाहीस पण मला खात्री आहे की तूच करतेस. १२१ डिग्रीला पंधरावीस मिनिटं म्हणतात, पण तापणं आणि सुकणं धरून एक फेरी पाऊण तासाच्या पुढे जाते, म्हणजे रात्रीचे नऊ तिथेच. एक चांगली असिस्टंट ठेव, आसपासच्या गावातली बारावी झालेली मुलगी, तीन महिने स्वतः शिकव, पगार नीट दे म्हणजे टिकेल. ऑटोक्लेव्हची शेवटची फेरी शेवटचा पेशंट खुर्चीवर असतानाच सुरू झाली पाहिजे, त्याच्यासाठी हत्यारांचे दोन सेट जास्त घ्यावे लागतील, घे. खर्च होईल पण रोजचा एक तास विकत मिळतो. जमलं तर आठवड्यातून तीन सकाळी नुकती बीडीएस झालेली एखादी मुलगी टक्केवारीवर बसव, दरवर्षी बाहेर पडतात आणि काम शोधत असतात. पेशंट आधी म्हणतील आम्हाला तुम्हीच हव्या. म्हणू दे. तुझ्या बाबतीतही लग्न होऊन आलीस तेव्हा तसंच म्हणाले असतील ना, बाबाच हवेत?

पैशाची भीती तुझ्या पत्रात ओळींच्या मध्ये दिसते. तुमच्या भागात खाणी २०१२ ला थांबल्या, परत २०१८ ला बंद पडल्या, ट्रकवाले, गॅरेजवाले, खानावळीवाले सगळ्यांचे हात आखडले, आणि अशा गावात डॉक्टरची उधारी वाढते हे मला सांगायला नको. त्यामुळे एक संध्याकाळ कमी केली तर चालेल कसं, असं वाटणार. पण थकलेल्या हाताने रात्री साडेसातला केलेलं काम परत परत येतं, भरलेलं निघतं, कॅप बसत नाही, ते फुकटच करावं लागतं. तीन महिने वहीत लिही, कुठल्या तासाला किती आले आणि किती जमा झाले. माझ्या क्लिनिकात असं लिहिलं तेव्हा सातनंतरचे बहुतेक लोक नुसतं विचारायला आलेले निघाले. तुझं वेगळं निघेल कदाचित, पण अंदाजावर रडण्यापेक्षा वही बरी.

सीझनचं एक सांगते. डिसेंबर आणि मे, दुबई, कुवेत, लंडनहून लोक घरी येतात आणि दोन आठवड्यांत सगळं तोंड दुरुस्त करून हवं असतं. नेमकं डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन. मी अशी दोन स्नेहसंमेलनं चुकवली, एका वर्षी माझी धाकटी फुगडीत होती, कोणाच्या तरी दातांच्या ब्रिजसाठी मी गेले नाही, तो माणूस परत कधी आलाही नाही. म्हणून नवीन वर्षाची डायरी आणलीस की पहिल्याच दिवशी शाळेच्या तारखा, दोन्ही वाढदिवस आणि चवथ (गणेश चतुर्थी) लाल पेनाने लिही, मग बाकीचं. चवथीला तर बिनधास्त बंद ठेव, घरात गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची असते, मुलांना ती बांधताना आई हवी असते, आणि गावात त्या दिवसांत कोणीही आनंदाने दात काढायला येत नाही. परदेशातल्यांना नोव्हेंबरमध्येच व्हॉट्सॅपवर सांग की फोटो, जुना एक्स-रे पाठवा आणि आताच वेळ घ्या, कॅपला लॅबमधून यायला दिवस लागतात, कवळीला चारपाच खेपा लागतात, विमानाच्या आदल्या दिवशी होत नाही.

अडीच वर्षांच्या बाळाला क्लिनिकात ठेवू नकोस. अगदी नाइलाज म्हणूनसुद्धा नको. सुया, ब्लेड, हायपोच्या (रूट कॅनाल धुवायच्या जंतुनाशकाच्या) बाटल्या, ड्रिलचा उडणारा फवारा, खाली रांगत्याधावत्या मुलाच्या हाताच्या उंचीवर काय काय असतं बघ एकदा गुडघ्यावर बसून. त्याला सकाळी तीन तास बालवाडीत किंवा शेजारच्या विश्वासातल्या बाईकडे ठेव, त्यात काही कमीपणा नाही. सासूबाईंना त्याच्या मागे धावायला नको, पण बसून गोष्ट सांगायला, रात्री ब्रश धरायला त्या आहेत ना? माणूस उठू शकत नाही म्हणजे घरातून गेला असं नाही, त्यांनाही काहीतरी सोपव, त्यांना बरं वाटेल. मुलगी मात्र मोठी आहे, तिला आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी रिसेप्शनच्या टेबलावर गृहपाठ करायला बसू दे, तिला आपली आई काय करते ते दिसू दे. माझी धाकटी तिथे बसून पेशंटांची नावं वहीत लिहायला शिकली, तिचं अक्षर त्यावर वळलं.

नोकरीचं. पणजीच्या चेनचं क्लिनिक रात्री आठसाडेआठपर्यंत चालू असतं, डिचोलीहून जायला यायला मिळून दोन तास, रविवारीही पाळी लागते. म्हणजे मुलीचा ब्रश परत राहिलाच. बेल वाजणार नाही हे एक सुख, ते मोठं आहे, मी नाकारत नाही. पण आत्ता, ह्या दमलेल्या अवस्थेत, ठरवू नकोस. वर सांगितलेलं चवथीपासून नाताळापर्यंत करून बघ. मग जानेवारीत जर तुला वाटलं की मला हे नकोच, मला नोकरीच हवी, किंवा मला दोन वर्षं घरीच बसायचंय, तर तसं कर आणि कोणाला कारण देत बसू नकोस. बाबांचं क्लिनिक बाबांनी त्यांच्या हौसेने काढलं होतं, ते तुझ्या गळ्यात ऋण म्हणून नाही घातलेलं कुणी, निदान माझ्या मते तरी नाही.

त्या नळाबद्दल. आठवड्यातून किती वेळा? रात्री झोप लागते का, सकाळी उठल्यावर दिवस नकोसा वाटतो का, मुलांचा आवाजही सहन होत नाही असं होतं का? असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर आधी रक्त तपास, हिमोग्लोबिन, थायरॉईड, तुझ्या वयात आणि बाळंतपणानंतर दोन्ही बिघडतात आणि आपण त्याला स्वभाव समजतो. आणि कोणाशी तरी बोल. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, डिचोलीत कोणाला कळणार नाही. डॉक्टरने डॉक्टरकडे जायला लाजू नये, तू स्वतः पेशंटांना हेच सांगतेस ना, दुखायची वाट बघू नका.

मी कमी पडते की काय, ह्या तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे पण ते तुला पटेल तेव्हा पटेल. एकटीने चौघांचं काम करणारी बाई कुठेतरी कमी पडणारच, त्यात आई किंवा डॉक्टर असण्याचा काय संबंध.

ह्या आठवड्यात फक्त तीन गोष्टी कर. कार्ड बाबांना दाखव. मुलीची बांबोळीची वेळ घे, आणि त्या सकाळी क्लिनिक बंद असा कागद दारावर लाव, कारण लिहायची गरज नाही. तिथे गेल्यावर तिच्या खुर्चीच्या बाजूच्या स्टुलावर बस, तिचा हात धर, आणि आतलं डॉक्टर काय करतायत ते बघू नकोस, तिच्या डोळ्यांकडे बघ. आणि तिसरं म्हणजे वेटिंग रूममध्ये पेशंटांच्या मुलांसाठी क्रीमच्या बिस्किटांचा डबा ठेवला असशील, बहुतेक सगळे ठेवतात आणि शाळेतून आल्यावर आपलीच मुलं तो रिकामा करतात, तो आजच उचल. त्याच्या जागी चणे किंवा शेंगदाणे ठेव, पण धाकट्याच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर, त्या वयात घशात अडकतात.